बी-१२ ना मांसाचं, ना पालेभाजीचं

विगन म्हणजे मांस, अंडी, दूध वर्ज्य असलेल्या आहारावर टीव्हीवर किंवा समाजमाध्यमांवर चर्चा पेटली की दोन दावे हमखास कानावर येतात. एक बाजू म्हणते, बी-१२ जीवनसत्त्व फक्त मांस, अंडी, दुधातून मिळतं, म्हणून ते सोडणं निसर्गाविरुद्ध आहे. दुसरी बाजू सांगते, स्पिरुलिना हे निळं-हिरवं शेवाळ खा, भाज्या फार धुऊ नका, बी-१२ आपोआप मिळेल. दोन्ही दावे चुकीचे आहेत. त्यातला दुसरा अधिक घातक, कारण त्यावर विसंबणारा माणूस गोळी घेत नाही.

बी-१२ कुठलाही प्राणी तयार करत नाही, कुठलीही वनस्पती नाही, बुरशीसुद्धा नाही. ते बनवतात फक्त जिवाणू आणि आर्किया हे एकपेशीय जीव. या रेणूच्या मधोमध कोबाल्टचा एक अणू बसलेला असतो. डोरोथी हॉजकिन यांनी १९५०च्या दशकात क्ष-किरणांच्या मदतीनं त्याची गुंतागुंतीची रचना उलगडली; १९६४चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. गाईगुरांच्या पोटातले जिवाणू बी-१२ बनवतात आणि तेच पुढे दुधा-मांसात उतरतं. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगत मेंढ्या पोटभर चरूनही खंगत जात. तिथल्या मातीत कोबाल्टच पुरेसं नव्हतं, हे १९३०च्या दशकात लक्षात आलं; म्हणजे पोटातल्या जिवाणूंकडे बी-१२ बनवायला कच्चा मालच नव्हता.

मग आपल्या आतड्यातले जिवाणू काय करतात? तेही बी-१२ बनवतात, पण मोठ्या आतड्यात. शोषण होतं त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात. उतरायचं स्टेशन मागे पडल्यावर गाडीत चढलेल्या प्रवाशासारखी या बी-१२ची गत होते.

हे शोषण मला शरीरातल्या सर्वात सुंदर व्यवस्थांपैकी एक वाटतं. अन्नातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं. जठरातलं आम्ल आणि पेप्सिन ते सोडवतात. सुटताच लाळेतून आलेलं हॅप्टोकोरिन नावाचं प्रथिन त्याला धरतं आणि आम्लापासून जपतं. पुढे स्वादुपिंडाचे एन्झाइम हॅप्टोकोरिनचे तुकडे करतात. आता बी-१२ जठराच्या पेशींनी पाठवलेल्या ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ या प्रथिनाकडे जातं. लहान आतड्याच्या टोकाशी पेशींवर असलेले ग्राहक (रिसेप्टर) फक्त ही जोडीच ओळखतात. रक्तात शिरल्यावर ट्रान्सकोबालामिन हे आणखी एक प्रथिन त्याला पेशींपर्यंत नेतं. साखळीतली एक कडी तुटली तरी अडचण येते, म्हणूनच मांसाहारी माणसांनाही बी-१२ची कमतरता होते.

या मार्गानं एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत जातं. त्यापलीकडचं जेमतेम एक टक्का आपसूक झिरपतं. प्रौढ माणसाची रोजची गरज साधारण २.४ मायक्रोग्रॅम. हजार मायक्रोग्रॅमची गोळी पाहून दचकणाऱ्यांनी हा हिशेब करावा: तिच्यातून दहाएक मायक्रोग्रॅमच मिळतं.

स्पिरुलिनात मोठ्या प्रमाणात असतं ते छद्म बी-१२. कोबाल्टच्या खालच्या बाजूला जो घटक जोडलेला हवा, त्याच्या जागी तिथे ॲडेनिन असतं. इंट्रिन्सिक फॅक्टर त्याला नीट धरत नाही, म्हणून ते माणसाच्या कामाचं नाही. जिवाणूंची वाढ मोजून बी-१२ ठरवण्याच्या जुन्या चाचणीत मात्र तेही मोजलं जाई. ‘सुपरफूड’च्या जाहिराती हे सांगत नाहीत. ‘गोळी कृत्रिम, शेवाळ नैसर्गिक’ हा युक्तिवादही टिकत नाही, कारण गोळीतलं बी-१२ जिवाणूच टाक्यांमध्ये किण्वनातून बनवतात. त्यासाठी प्राणी मारावा लागत नाही.

डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हेगन सोसायटी १९४४मध्ये सुरू केली, आणि बी-१२ शुद्ध स्वरूपात वेगळं झालं १९४८मध्ये. सुरुवातीच्या विगनांना हा धोका नेमका कळणं शक्यच नव्हतं. आज तो कळतो, आणि त्यावरचा उपाय स्वस्त आहे.

कमतरता लगेच जाणवत नाही, हीच खरी अडचण. यकृतात काही मिलिग्रॅमचा साठा असतो आणि तो वर्षानुवर्षं पुरतो. बी-१२ नसलं की फोलेट हे दुसरं ब-जीवनसत्त्व एकाच रूपात अडकून पडतं, डीएनएची बांधणी मंदावते आणि तांबड्या पेशी मोठ्या, अपक्व राहतात. पण विगन जेवणात फोलेट भरपूर असल्यानं ही रक्तातली खूण झाकली जाऊ शकते. मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते: पायांना मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा. रक्तातल्या बी-१२चा आकडाही कधीकधी फसवा असतो, कारण त्यात पेशींना न मिळणारं, हॅप्टोकोरिनला बांधलेलं बी-१२ही मोजलं जातं. शंका असेल तर डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक आम्ल, म्हणजे बी-१२ कमी पडलं की वाढणारे पदार्थ, तपासतात.

तान्ह्या बाळाजवळ असा साठा फारसा नसतो. आई विगन असून पूरक बी-१२ घेत नसेल, तर तिला स्वतःला काहीही त्रास नसताना फक्त तिच्या दुधावर वाढणाऱ्या बाळाची वाढ काही महिन्यांत खुंटू शकते, आणि मेंदूवर झालेला परिणाम उपचारांनंतरही पूर्ण भरून येईलच असं नाही.