टचलेस वॉश आणि ‘टचलेस’ नावाने मिळणारा फोम वॉश

जळगावजवळ महामार्गावरच्या एका वॉशिंग सेंटरच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात ‘टचलेस फोम वॉश’ असं लिहिलेलं होतं. गाडी लावताना विचारलं, तर पोरगा म्हणाला, “हात लावानं कामच नही, भो.” फोम मारला, गनने पाणी मारलं, तिथपर्यंत त्याचं बोलणं खरं होतं. मग त्याने खांद्यावरचं पिवळं फडकं काढलं. ते ओल्या फरशीवर पडलं. त्याने ते उचलून झटकलं, बादलीत बुचकळलं आणि बॉनेटवर गोल गोल फिरवायला लागला. माझ्याआधी दोन बोलेरो धुतल्या होत्या, त्यांचा गाळ बादलीच्या तळाशी दिसत होता. माझी गाडी काळी. रात्री पेट्रोलपंपावर उभी केली, तर छतावरच्या दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे.

तेव्हापासून कुणी ‘टचलेसने गाडी खराब होते का’ असं विचारलं की मी आधी विचारतो, कुठलं टचलेस? एकाच नावाखाली दोन वेगळी कामं चालतात आणि त्यांचे धोकेही वेगळे आहेत.

खरं टचलेस म्हणजे मशीन. गाडी आत उभी करायची, काचा बंद ठेवायच्या. नोझल लावलेला दांडा गाडीभोवती फिरतो. सेन्सर गाडीचा आकार मोजतात. आधी केमिकल फवारतात, ते मळ सैल होईपर्यंत मुरू देतात, मग जोरदार पाण्याने धुतात आणि शेवटी ब्लोअरने वाळवतात. ब्रश, स्पंज, फडकं यातलं काहीच रंगाला लागत नाही. आपल्याकडचा फोम वॉश मात्र माणूस हाताने करतो. फेस आणि गन या पायऱ्या सारख्या दिसतात, पण शेवटी पुसणं येतंच आणि रंगाची वाट तिथेच लागते.

ते का, हे समजून घ्यायला हवं. गाडीच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा. डोक्याचा एक केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे हा थर केसापेक्षाही पातळ. उलट रस्त्याच्या धुळीत गारगोटीचे कण असतात, काचेवरसुद्धा ओरखडा पाडतील इतके कडक. आपल्याकडे तर धुळीला तोटा नाही. साइडपट्टीचा मुरूम उडतो, शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या टायरची काळी माती डांबरावर पसरते आणि दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या बाजूने आलात तर राखही बसते. काळी माती स्वतः मऊ असते, पण तिच्यात रेतीची कच अडकलेली असते आणि वाळली की ती पत्र्याला घट्ट धरते. पाण्याने गाडीला ओरखडे पडत नाहीत. फडक्याखाली सापडलेली ही कच ओढली गेली की पडतात. म्हणून रोजच्या वापरातल्या गाडीचा रंग जपायचा तर खरं टचलेस मशीन हाताच्या धुण्यापेक्षा सुरक्षित आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण त्याचीही किंमत मोजावी लागते. जे काम हात चोळून करतो ते मशीनला केमिकलवर काढावं लागतं. त्यामुळे ते केमिकल घरातल्या शाम्पूपेक्षा बरंच कडक असतं. साध्या पाण्याचा पीएच 7 असतो, तर टचलेसच्या अल्कलाइन फवाऱ्याचा बऱ्याचदा 11 च्या पुढे जातो, धुण्याच्या सोड्याच्या जवळपास. काही ठिकाणी त्याआधी आम्लाचाही एक हात देतात. चांगल्या क्लिअर कोटला त्याने काही होत नाही, कारण ते मिनिटा-दोन मिनिटांत धुऊन जातं. पण वॅक्स केलं असेल तर दोन-चार धुण्यांत ते उतरतं. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवलेला कडक संरक्षक थर, त्यापेक्षा जास्त तग धरतं. कोटिंग नसलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि जुने, उघडे पडलेले अलॉय व्हील मात्र यात डागाळू शकतात.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जोराची. माझ्या मेव्हण्याच्या गाडीचा पुढचा बंपर एका गॅरेजात रंगवलेला होता आणि आग्रा रोडवरच्या खडीने त्यावर एक टवका उडालेला होता. टचलेसमधून गाडी बाहेर आली तेव्हा त्या टवक्याच्या कडेने रुपयाएवढा रंग उचकटून गेलेला. तो म्हणाला, मशीनने रंग काढला. माझ्या मते रंग आधीच सुटलेला होता, पाण्याने फक्त त्याच्याखाली शिरायला वाट शोधली. टवके, गंज किंवा सुटलेली पट्टी असेल तर आधी दुरुस्ती करावी. गाडी नव्याने रंगवली असेल तर महिनाभर मशीनमध्ये घालू नये. हाच धोका गनलाही आहे, उलट जास्त. मशीनचं नोझल ठरलेल्या अंतरावरून फिरतं. सेंटरवरचा पोरगा घाईत गन चिखलाला अगदी भिडवतो. किमान फूटभर अंतर ठेवायला सांगा आणि टायरच्या बाजूवर जवळून मारू देऊ नका.

आणखी एक उणीव. मशीनमधून निघालेली गाडी लांबून लख्ख दिसते, पण बोट फिरवलं तर बोटाला राखाडी लागतं. धूर, तेल आणि बारीक धूळ यांचा हा पातळ थर नुसत्या फवाऱ्याने पूर्ण सुटत नाही. तो दिसला की लगेच रुमाल काढून पुसायचा मोह होतो. तसं केलं तर आगीतून फुफाट्यात!

मोठ्या शहरांतली ब्रशवाली ऑटोमॅटिक मशीनसुद्धा लोक टचलेसमध्येच धरतात. ऑटोमॅटिक असलं म्हणजे टचलेस नव्हे. आता ब्रश मऊ कापडाचे किंवा फोमचे येतात, तरी आधीच्या गाडीची कच त्यात राहतेच.

खानदेशात एक त्रास मात्र दोन्हीकडे सारखाच आहे, बोअरचं जड पाणी. बादलीच्या कडेला जो पांढरा थर धरतो तोच बॉनेटवर धरतो. मे महिन्यात भुसावळात पारा 45 च्या पुढे जातो. तापलेल्या पत्र्यावर थेंब जागीच आटतो, क्षार मागे राहतात आणि ते डाग पुढे निघता निघत नाहीत. चांगल्या मशीनमध्ये शेवटचं पाणी आरओचं असतं. हे विचारून घ्यावं. मशीन नुसतं बोअरच्या पाण्यावर चालत असेल तर उन्हाळ्यात दुपारी तिथे गाडी नेऊ नये.

मी सध्या महिन्यातून एकदा घरीच हाताने धुतो. सकाळी आठच्या आत, सावलीत. आधी नुसतं पाणी भरपूर मारून माती काढून टाकायची. मग दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरी फक्त हातमोजा खळखळायला. वरून खाली यायचं, चाकं सगळ्यात शेवटी आणि त्यांचं फडकं वेगळं. अधेमधे नाशिकला जाणं झालं तर तिथे टचलेस. इथल्या सेंटरवर जावंच लागलं, पावसाळ्यात चेसिसखालचा चिखल काढायला तर जावंच लागतं, तेव्हा पोराला सांगतो, “खालून गन मार, वरून फोम मार आणि फडकं राहू दे.” तो चमकून बघतो, ओलीच नेणार का विचारतो. ओलीच नेतो. घरी डिकीत ठेवलेला स्वच्छ मायक्रोफायबरचा मऊ कपडा काढून पाणी न चोळता नुसतं टिपून घेतो.