‘व्हिसा मिळाला की’ हे फ्रेंचमध्ये कसं लिहायचं?

फ्रेंच पत्रं, निबंध आणि परीक्षेचं लेखन आमच्याकडे तपासायला देणाऱ्यांसाठी

तुमचा कागद समासात लाल शाईने नुसतं ‘असेल?’ एवढंच लिहून परत आला असेल, तर हे पत्रक तुमच्यासाठी आहे. बी१ या मधल्या पातळीच्या पुढे गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या कागदावर हा शेरा एकदा तरी पडतो. मग फोन येतो, “मॅडम, चूक काय आहे ते तुम्ही लिहिलंच नाही!” लिहिलं आहे. ते वाचायचं कसं, एवढंच इथे सांगतो.

फ्युत्यूर आंतेरिअर, म्हणजे ‘झालं असेल’ सांगणारा काळ, तुम्ही शिकला आहात, असं धरून चालतो. (फ्रेंच शब्द मुद्दाम देवनागरीत दिले आहेत. हे पत्रक घरी आईवडीलही वाचतात, आणि स्पेलिंग तुमच्या वहीत आहेच.) बांधणी दोन तुकड्यांची. आधी आवुआर (जवळ असणं) किंवा एत्र (असणं) यांचं साध्या भविष्यकाळातलं रूप, मग क्रियापदाचं पार्तिसिप पासे, म्हणजे ‘झालेलं’ दाखवणारं रूप. जोरे फिनी, त्यू ओरा फिनी, इल ओरा फिनी, नू झोरों फिनी, वू झोरे फिनी, इल झोरों फिनी. एत्रवाल्यांचं याच चालीवर ज सरे पार्ती, त्यू सरा पार्ती. शेवटची अक्षरंही ओळखीचीच. ए-आय, ए-एस, ए ही तर आवुआरच्या वर्तमानकाळाची रूपं, फार पूर्वी मूळ क्रियापदाच्या मागे येऊन चिकटलेली. म्हणजे नवीन पाठ करायचं जवळपास काही नाही. आम्ही छापील तक्ता देत नाही म्हणून काही जण रुसतात. तक्ता कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात मिळेल. तो तोंडपाठ असलेली मंडळीही खालची चूक करतात, हे आम्ही रोज बघतो.

आता ती चूक.

आमच्या एका ताईंना ल्योंमध्ये एम.एस.ला प्रवेश मिळाला होता. घरमालकाला त्यांनी स्वतःच मेल लिहिला आणि पाठवून झाल्यावर आम्हाला दाखवला. मनात वाक्य होतं: ‘व्हिसा मिळाला की डिपॉझिट भरते.’ फ्रेंचमध्ये झालं: ‘कां जे रस्यू मों व्हिसा, ज पेरे ला कोसिओं.’ जे रस्यू म्हणजे पासे कोंपोझे, झालेली गोष्ट. घरमालकाने व्हिसाबद्दल अभिनंदन केलं आणि डिपॉझिट दोन दिवसांत पाठवायला सांगितलं. व्हिसाची तर अजून अपॉइंटमेंटही नव्हती. पुढे तीन मेल खुलासे करण्यात गेले. लिहायला हवं होतं: ‘कां जोरे रस्यू मों व्हिसा, ज पेरे ला कोसिओं.’ फरक ‘जे’ आणि ‘जोरे’ एवढाच.

यात ताईंचा आळस नव्हता. मराठीत ‘की’च्या आधी आपण भूतकाळ वापरतो आणि बोलतो मात्र उद्याबद्दल. पाऊस थांबला की निघू. पगार झाला की देतो. पोहोचलास की फोन कर. पाऊस थांबलेला नाही, पगार झालेला नाही, पण क्रियापद झाल्यासारखंच उभं आहे. इंग्रजी माध्यमवाले म्हणतात, आम्ही मराठीतून विचार करत नाही. पण इंग्रजीही तिथे भविष्यकाळ घेत नाही, त्यामुळे त्यांच्या कागदावर कधी प्रेझां (वर्तमानकाळ) येतो, कधी पासे कोंपोझे. दोन्ही वाटा त्याच खड्ड्यात जातात. फ्रेंचचा हिशेब रोखठोक आहे: गोष्ट अजून व्हायची आहे ना, मग ‘जेव्हा’, ‘होताच’ अशा अर्थाच्या कां, लॉर्स्क, दे क, ओसितो क यांच्या पुढेही भविष्यकाळच. आणि ती मुख्य गोष्टीच्या आधी पुरी होणार असेल, तर फ्युत्यूर आंतेरिअर.

म्हणून आमचा शेरा ‘असेल?’. तुमचं मराठी वाक्य घ्या, ‘की’ खोडा आणि तिथे ‘असेल तेव्हा’ घाला. ‘व्हिसा मिळाला असेल तेव्हा डिपॉझिट भरीन.’ कानाला खडबडीत लागतं, कुणी असं बोलत नाही, पण अर्थ बदलला का? नाही. मग फ्रेंचमध्ये त्या ‘असेल’च्या जागी ओरे-ओरा किंवा सरे-सरा बसवायचं. ‘पोहोचलास की फोन कर’चं होतं ‘आपेल-म्वा कां त्यू सरा आरिव्हे’. इथे मुख्य क्रियापद आज्ञार्थी आहे, भविष्यकाळाचं नाही, तरी नियम तोच. हे वाक्य आम्ही प्रत्येक बॅचला पहिल्याच दिवशी लिहायला देतो. प्रत्येकाच्या आईने ते त्याला शेकडो वेळा ऐकवलेलं असतं, त्यामुळे विसरत नाहीत.

पोहोचणं, परत येणं अशा क्षणात होणाऱ्या क्रियांना नुसता साधा भविष्यकाळही चालतो, म्हणजे ‘कां त्यू आरिव्हरा’. तिथे आम्ही लाल शाई लावत नाही. दुसऱ्या कुणी लावली असेल, तर आमच्याकडे घेऊन या, बोलू.

चाचणी एका ठिकाणी मात्र फसते: ‘जर’. ‘सहापर्यंत तुझं झालं असेल तर ये’ यात असेल आहे, पण ‘जर’साठीचा सी आला की त्या उपवाक्यात भविष्यकाळाला दार बंद. ‘सी त्यू आ फिनी आ सीझ अर, व्ह्यँ.’ यावर वाद घालायला दर महिन्याला कुणीतरी येतं. वाद घालून फ्रेंच बदलत नाही.

एका एसबद्दलही सांगायला हवं. जोरे फिनी म्हणजे ‘माझं झालं असेल’. त्याच ओरेच्या स्पेलिंगला शेवटी एस लावला की होतं ‘माझं झालं असतं’. पुष्कळ फ्रेंच माणसं दोन्ही सारखंच उच्चारतात, म्हणून ऐकून लिहिणाऱ्यांचा घोळ होतो. मराठीतलं ‘असेल’ आणि ‘असतं’ आपण झोपेतही गल्लत करत नाही, तेव्हा लिहिण्याआधी मनात मराठी म्हणून बघा. नोकरीच्या अर्जात ‘जूनपर्यंत माझा कोर्स संपला असेल’ असं लिहायचं होतं आणि ‘संपला असता’ झालं, तर वाचणाऱ्याला वाटेल की मध्येच सोडला!

हाच ‘असेल’ आणखी एका जागी उपयोगी पडतो, आणि ती जागा शिकवताना आम्हालाच मजा येते. मित्र आला नाही, आपण म्हणतो, ‘त्याची गाडी चुकली असेल.’ फ्रेंच माणूस लिहितो, ‘इल ओरा राते सों त्रँ.’ भविष्यकाळाचं रूप, बोलणं घडून गेलेल्या गोष्टीबद्दल आणि अर्थ अंदाजाचा, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीतून शिकणारे इथे अडखळतात, मराठी माणसाने अडखळायचं कारण नाही. (बोलताना फ्रेंच लोक यासाठी बहुधा दव्हुआर हे क्रियापद वापरतात, ‘इल आ द्यू राते सों त्रँ’. परीक्षेत दोन्ही ओळखता आले पाहिजेत.)

वर्तमानपत्री फ्रेंचमध्ये आणखी एक प्रकार भेटतो, त्याला आपला ‘असेल’ लागू पडत नाही. ‘इल ओरा फाल्यू आतांद्र १९४४’ अशी सुरुवात, आणि पुढे फ्रान्समधल्या स्त्रियांना मताधिकार मिळाल्याची हकीकत. उताऱ्यावरच्या प्रश्नांत मुलं याचं ‘वाट बघावी लागली असेल’ करतात. खरा अर्थ: ‘मताधिकार मिळायला १९४४ उजाडावं लागलं.’ सगळं आटोपल्यावर मागे वळून हिशेब मांडण्याची ती लकब आहे. आर्लच्या जान काल्मां १२२ वर्षं जगून १९९७ मध्ये वारल्या. त्यांच्याबद्दल ‘एल ओरा व्हेक्यू सां व्हँ-द्यू झां’ म्हटलं, तर त्यात अंदाज काही नाही, पूर्ण आयुष्याची बेरीज आहे. ओळखता आलं की पुरे. स्वतःच्या लेखनात जपून वापरा.

आवुआर की एत्र, हा पासे कोंपोझेचाच जुना प्रश्न. तिथे जे लागतं तेच इथे: जाणं-येणं-जन्मणं-मरणं यांचा तो ठरावीक गट आणि स्वतःवर होणाऱ्या क्रिया एत्रकडे, बाकी आवुआरकडे. एत्र असेल तर कर्त्याप्रमाणे लिंग-वचन जुळवा. एल सरा पार्तीच्या स्पेलिंगमध्ये शेवटी जोडायचं जास्तीचं ‘ई’ अक्षर ऐकू येत नाही, पण विसरलं तर गुण कापले जातात.

आम्ही बरोबर रूप लिहून का देत नाही, असं विचारतात. आधी देत होतो. लोक ते उतरवून घ्यायचे आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक नव्या क्रियापदासह हजर. शेरा बघून स्वतः दुरुस्त केलेलं टिकतं. म्हणून पहिल्या फेरीत फक्त शेरा. दुरुस्त करून आणलंत, तर दुसरी फेरी मोफत, आणि तेव्हा चुकलेलं प्रत्येक रूप समोर बसवून समजावतो. ज्यांना उद्याच पत्र पाठवायचं आहे, त्यांनी देतानाच ‘तातडीचं’ सांगावं. त्याचा दर वेगळा आहे, आणि त्यात आम्ही सरळ दुरुस्त करून देतो, शिकवत नाही.

डेल्फ या फ्रेंच परीक्षेत बी२ पातळीला अडीचशे शब्दांचं लेखन असतं. त्यात ‘झालं की’ दोन-तीनदा तरी येतंच. टेफ किंवा टीसीएफ या फ्रेंच परीक्षा देऊन कॅनडाला निघालेल्यांचीही यातून सुटका नाही. फक्त काळांवरची दोन तासांची बैठक दर रविवारी सकाळी असते, सहा जणांपुरतीच. आमच्याकडे लेखन तपासायला देणाऱ्यांना त्यात अर्ध्या शुल्कात बसता येतं. स्वतःची चुकलेली पाच वाक्यं आणा. पुस्तकातली नकोत.

कागद देताना एक ओळ सोडून लिहा आणि डावीकडे चार बोटं समास ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणाऱ्यांनी वहीवर स्वतःची सावली पडत नाही ना, एवढं बघावं.