प्रमाण द्रावणाच्या शेजारी ठेवलेला नमुना

समजा, लिटरला 2, 4, 6 आणि 8 मिलिग्रॅम फॉस्फरस असलेल्या प्रमाण द्रावणांचे (ज्यांतलं प्रमाण आधीच नेमकं ठाऊक असतं) अ‍ॅब्सॉर्बन्स, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं त्याचे आकडे, 0.12, 0.24, 0.36 आणि 0.48 आले. हे आकडे आलेखावर मांडले की सरळ रेषा मिळते; तिचा चढ, म्हणजे दर मिलिग्रॅममागची वाढ, 0.06. अज्ञात नमुन्याचा आकडा 0.30 असेल तर 0.30 भागिले 0.06, म्हणजे संहती (द्रावणातलं पदार्थाचं प्रमाण) लिटरला 5 मिलिग्रॅम. नमुना आधी दहापट विरळ केला असेल तर मूळची 50. एवढ्या साध्या भागाकारापर्यंत पोहोचायला दोन शतकं लागली.

1729 मध्ये फ्रान्सच्या पिएर बुगे यांनी दाखवलं, की सारख्या जाडीचा प्रत्येक थर त्याच्यापर्यंत आलेल्या प्रकाशाचा सारखाच हिस्सा गिळतो. म्हणून प्रकाश गुणोत्तराने घटतो आणि आपल्याला लॉगरिदम घ्यावा लागतो: दहावा हिस्सा पार गेला तर अ‍ॅब्सॉर्बन्स 1, शंभरावा गेला तर 2. गणिती योहान लॅम्बर्ट यांनी 1760 मध्ये याला गणिती रूप दिलं. 1852 मध्ये ऑगस्ट बेअर यांनी रंगीत द्रावणांवर प्रयोग करून जाडीच्या जोडीला संहती आणली.

पण आकडा दाखवणारं यंत्र नव्हतं. मोजायचं ते डोळ्यांनीच. पॅरिसच्या ड्युबॉस्क यांच्या कलरीमीटरमध्ये (रंगांची तुलना करणाऱ्या उपकरणात) एका कपात प्रमाण द्रावण, दुसऱ्यात नमुना असे. दोन्हींचा रंग सारखा दिसेपर्यंत द्रवाची खोली कमी-जास्त करायची. प्रमाण द्रावण 20 मिलिमीटर आणि नमुना 16 मिलिमीटरवर जुळला, तर नमुना सव्वापट संहत. इथे खोली आणि संहती यांचं नातं व्यस्त आहे.

या नजरेच्या कसोटीचं मला सर्वात मोलाचं वाटणारं उदाहरण हार्वर्डमधलं आहे. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव आणि त्यांचे वरिष्ठ सायरस फिस्के यांनी 1925 मध्ये फॉस्फरस मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आम्ल मिसळलेल्या नमुन्यात मॉलिब्डेट हे रसायन घालायचं, मग क्षपणकारक, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन निळा रंग आणणारं रसायन. फॉस्फेट जितकं जास्त, तितका निळा रंग गडद. स्नायूंच्या अर्कावर ती वापरताना मात्र रंग प्रमाण द्रावणासारखा चढेना. तो उशिरा, हळूहळू गडद होत राहिला. अशा वेळी नमुना बिघडला म्हणून टाकून देणं सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही. अर्कातलं एक नाजूक संयुग त्या आम्लात मोडत होतं आणि त्यातून फॉस्फेट सुटत होतं. तेच फॉस्फोक्रिएटिन, स्नायूच्या ऊर्जेचा हाताशी असलेला साठा. शोध 1927 मध्ये जाहीर झाला.

पुढे प्रकाशाचं विजेत रूपांतर करणारे फोटोसेल आले, 1941 मध्ये बेकमन यांचा डीयू स्पेक्ट्रोफोटोमीटर (शोषलेला प्रकाश मोजणारं यंत्र) आला, आणि डोळ्याची जागा आकड्याने घेतली. प्रमाण द्रावणं मात्र गेली नाहीत. अभिकर्मकाची (रंग आणणाऱ्या रसायनाची) नवी बाटली, तापमान, रंग यायला दिलेली मिनिटं, कशानेही चढ बदलतो. म्हणून कालच्या रेषेवर आजचा नमुना वाचू नये. नमुन्याचा आकडा सर्वात गडद प्रमाण द्रावणाच्याही वर गेला, तर रेषा पुढे ओढत नेण्यापेक्षा नमुना विरळ करून पुन्हा मोजावा, कारण तिथे ती वाकलेली असू शकते.