रामन यांचा बो थरथरत नव्हता

मडगावहून मैत्रिणीच्या मुलीचा फोन आला तेव्हा ती रडवेली होती. व्हायोलिनमधल्या पदव्युत्तर शिक्षणासाठी ती अमेरिकेत अर्ज करते आहे. तिकडच्या नामवंत संगीत विद्यालयांची पद्धत अशी: डिसेंबरच्या आसपास आधी रेकॉर्डिंग पाठवायचं, ते पसंत पडलं तर जानेवारी ते मार्चमध्ये कधीतरी प्रत्यक्ष ऑडिशन. समोर परीक्षकांची रांग, हातात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं, आणि मध्येच 'थँक यू' म्हणून थांबवायचा त्यांना पूर्ण अधिकार. फिलाडेल्फियाचं कर्टिस किंवा येलचं संगीत विद्यालय तर विद्यार्थ्यांकडून शिकवणीची फीच घेत नाही, त्यामुळे तिथे एकेका जागेसाठी किती झुंबड उडत असेल ते वेगळं सांगायला नको.

रेकॉर्डिंग तिनं छान पाठवलं होतं. बिनसलं ते रंगीत तालमीत. ओळखीच्या चार-पाच वादकांना बसवून तिनं सगळा कार्यक्रम वाजवला. पागानिनीचा कॅप्रिस, म्हणजे ज्याच्या नुसत्या नावानं घाम फुटावा असा तुकडा, तो निभावला. पण बाखच्या जी मायनर सोनाटातला अडाज्यो, म्हणजे संथ लयीचा भाग, ती घरी डोळे मिटून वाजवते तो, त्यात बो, म्हणजे व्हायोलिन वाजवायचा गज, थरथरायला लागला. लांब, हळुवार सूर कापरा निघाला. परीक्षक बनलेल्या एका काकांनी निदानही करून टाकलं, "तुझं मन कच्चं आहे." आजीनं दृष्ट काढली. भावानं एक ॲप घेऊन दिलं, हेडफोन लावले की 'मेंदूच्या लहरी जुळवून' आत्मविश्वास वाढवणारं.

मी संगीतातला नाही. पण तिच्या तक्रारीतली एक गोष्ट मला सोडेना. मन कच्चं असेल तर अवघड तुकडा आधी कोसळायला हवा. सोपा का कोसळला?

हात सगळ्यांचाच थरथरतो, अगदी शस्त्रक्रिया करणाऱ्यांचाही. हात पुढे करून त्यावर कागद ठेवा, कागदाची कड हलताना दिसेल. ही नैसर्गिक थरथर सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा होते. स्नायू आपल्याला एकसंध ओढ देतात असं वाटतं, प्रत्यक्षात ती असंख्य छोट्या झटक्यांची बेरीज असते. चेतातंतूचा एकेक संदेश येतो, स्नायुतंतूंचा एकेक गट आकसतो आणि सैल पडतो. पत्र्यावरच्या पावसासारखं आहे हे. धो-धो कोसळतो तेव्हा एकच गाज ऐकू येते, ओसरायला लागला की थेंब मोजता येतात. हलकी ताकद लावताना आपण मुख्यतः संथ प्रकारचे स्नायुतंतू वापरतो. त्यांचा प्रत्येक झटका लांबट असतो, म्हणून एक संपायच्या आत दुसरा त्यात मिसळतो.

भीतीच्या वेळी मूत्रपिंडावरच्या ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात. स्नायूंवर त्याला ओळखणारे बीटा-२ नावाचे ग्राहक असतात. तिथे ॲड्रेनलिन चिकटलं की संथ तंतूंचा झटका आखूड होतो, ते लवकर सैल पडतात. दोन झटक्यांमध्ये फटी पडतात, थेंब वेगवेगळे वाजू लागतात. दम्याचा पंप घेतल्यावर हात कापतो असं अनेक जण सांगतात. कारण तेच आहे. पंपातलं सालब्युटामॉल याच बीटा-२ ग्राहकांना चेतवतं. तिथे कसलीही भीती नसते, ऑडिशन नसते, तरी हात कापतो.

याचा एक सुंदर पुरावा १९६७ सालचा आहे. ब्रिटिश चेताविज्ञ मार्सडेन आणि सहकाऱ्यांनी लोकांना थरथर वाढवणारं औषध शिरेतून दिलं आणि या ग्राहकांना अडवणारं प्रोप्रॅनोलॉल अगदी थोड्या मात्रेत फक्त एका दंडाच्या धमनीत सोडलं. त्या हाताची वाढलेली थरथर कमी झाली. म्हणजे माणूस एकच, मन एकच, आणि फरक पडला तो एका हाताच्या स्नायूंत. 'मन कच्चं' म्हणणाऱ्या काकांना हा प्रयोग सांगावा असं फार वाटलं, पण ते वयानं मोठे आहेत.

तरीही कोडं अर्धंच सुटलं. थरथर तर पागानिनीच्या वेळीही असणार. ती ऐकू का आली नाही?

इथून मला आवडणारा भाग सुरू होतो, वाचकांनी थोडं सांभाळून घ्यावं. बो तारेवर सरकतो तेव्हा तार नुसती घासली जात नाही. बोला ताणून बसवलेले, राळ लावलेले केस तारेला पकडतात, सोबत ओढत नेतात, मग ती निसटते, पुन्हा पकडली जाते. व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या मोकळ्या तारेवर हे पकडणं-निसटणं सेकंदाला सुमारे १९६ वेळा होतं. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं दाखवलं की तारेवर एक टोकदार कोपरा धावत असतो, तो पलीकडून परत आला की तार केसांच्या पकडीतून सुटते. या कोपऱ्याच्या येण्याजाण्याचं घड्याळ बिघडू न देणं, हेच बो चालवण्याचं सगळं कसब.

या विषयावर विसाव्या शतकात पायाभूत काम केलं ते आपल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, 'रामन परिणामा'च्या कितीतरी आधी, कलकत्त्यात. १९१८ मध्ये त्यांनी बोनं वाजणाऱ्या तारांचा सिद्धांत मांडला आणि पुढे व्हायोलिन वाजवणारं एक यंत्रच उभारलं. त्यात बो जागच्या जागी होता आणि व्हायोलिन मागेपुढे सरकायचं. बोचा वेग, दाब, घोडीपासूनचं (तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात तिच्यापासूनचं) अंतर, सगळं हवं तसं बदलता येई. त्यातून दिसलं की सूर नीट निघायला एक किमान दाब लागतो. तो बोच्या वेगाबरोबर वाढतो, आणि बो घोडीजवळ नेला तर फारच झपाट्यानं वाढतो: अंतर निम्मं केलं की दाब जवळपास चौपट. त्यापेक्षा कमी दाबलं तर कोपरा परतायच्या आधीच तार निसटते आणि पोकळ, शिट्टीसारखा आवाज येतो. वर कमाल मर्यादाही आहे. शेलेंग नावाच्या अमेरिकी संशोधकानं १९७३ मध्ये दोन्ही मर्यादा एकत्र मांडल्या. कमाल दाबही वेगाबरोबर वाढतो, पण अंतर निम्मं झालं तर तो दुपटीनंच वाढतो. तो ओलांडला की कोपरा येतो पण तारेला सोडवू शकत नाही, आणि ऐकू येते दाराच्या बिजागरीची करकर.

म्हणजे सुरेल वाजण्यासाठी दाबाची एक खिडकी असते, आणि बो हळू चालवला की ही अख्खी खिडकी आक्रसते. समजण्यापुरते आकडे घेऊ. वेगवान बोसाठी खिडकी ४० ते १६० ग्रॅम वजनाएवढी धरा. वेग पाव केला की ती १० ते ४० झाली. आता हाताच्या थरथरीनं दाब १२ ग्रॅम वर-खाली होतो असं माना. पागानिनीचा वेगवान बो १०० ग्रॅमवर चालला असेल तर दाब ८८ ते ११२ मध्ये राहील. खिडकीच्या चौकटीला धक्कासुद्धा नाही. अडाज्योचा हळुवार सूर २० ग्रॅमवर असेल तर दाब ८ पर्यंत घसरेल, दहाच्या खाली, आणि सेकंदाला आठ-दहा वेळा घसरेल. थरथर तेवढीच, पण एका ठिकाणी ती लपते आणि दुसरीकडे वेशीवर टांगली जाते. त्यात बो ही जेमतेम ६० ग्रॅमची लवचीक काठी, आणि वादक तिला एका टोकाला धरणार. स्पिकाटो या उड्या मारणाऱ्या प्रकारात वादक सेकंदाला ८ ते १३ सूर काढतात, कारण मधल्या भागात बोला साधारण त्याच वेगानं उसळायला आवडतं. थरथरीचा वेग आणि बोची ही हौस इतकी जवळजवळ आहेत की दोघं एकमेकांना साथ देत असतील असा माझा तर्क आहे. तो मी कुठे तपासलेला नाही.

मग तिनं काय करावं? मी तिला सांगितलं, थरथर येणार हे धरूनच तयारी कर. तीन मजले धावत चढायचे, श्वास लागलेला असतानाच व्हायोलिन उचलायचं आणि सरळ अडाज्योचा पहिला सूर. एकदाच. बिघडला तर पुन्हा नाही, कारण तिथेही दुसरी संधी नसते. व्यायामानंही ॲड्रेनलिन वाढतं, त्यामुळे हाताला अशा अवस्थेत वाजवायची ओळख होते. दुसरं म्हणजे त्या सुरांसाठी बो किंचित जास्त वेगानं आणि घोडीपासून किंचित लांब चालवून पाहायचा. खिडकी रुंदावते, सुराची झळाळी थोडी कमी होते. हा सौदा कितपत करायचा ते तिच्या बाईंनी ठरवावं, ते माझं काम नाही.

गोळीचा विषय निघालाच. प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर औषधं पाश्चात्त्य वादकांच्या जगात गुपित राहिलेली नाहीत. प्रोप्रॅनोलॉल शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं, आणि त्याच जातीचं ऑक्सप्रेनोलॉल तंतुवादकांना देऊन केलेला प्रयोग १९७७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता: थरथर कमी झाली, वादन सुधारलं. पण दमा असणाऱ्यांना ही गोळी धोक्याची ठरू शकते, आणि हिला लहानपणी दमा होता. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा विचारही नको, असं मी जरा चढ्या आवाजातच बजावलं. ॲपवरच्या लहरींनी मात्र काही अपाय होणार नाही, पैसे तेवढे गेले.

परवा तिचा पुन्हा फोन आला. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी जिन्यातल्या धावपळीची तक्रार केली आहे. अडाज्यो अजून कापतो, पण पहिल्या चार सुरांनंतर सावरतो. रामन यांच्या यंत्राची गोष्ट तिला भलतीच आवडली होती.

"काका, मग मीपण बो धरून ठेवते आणि व्हायोलिनच हलवते ना!"