पर्सिमॉनच्या बीला फ्रिज कशाला?

'पर्सिमॉनची बी कुंडीत टोचा, दोन वर्षांत झाड लगडेल' अशा अर्थाचा एक व्हिडिओ बेळगावातल्या बागप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतोय. पर्सिमॉन म्हणजे टोमॅटोसारखं दिसणारं, चीन-जपानातलं नारिंगी फळ. आधी बी मातीत जाताना दिसते आणि पुढच्या क्षणाला थेट फळांनी वाकलेलं झाड. मधलं सगळं गायब, आणि खरी गंमत तर तिथंच आहे.

मुळात बी मिळणंच अवघड. पर्सिमॉनच्या मादी फुलाला परागीभवन न होताही फळ धरतं, त्यामुळे बाजारातली बरीच फळं बिनबियांची निघतात. चार-पाच फळं कापलीत तर एखाद्यात सापडेल. ती चपटी, तपकिरी बी बुळबुळीत गराच्या वेष्टनात बसलेली असते. गर धुवून काढा, नाहीतर बुरशी धरेल.

एक बी उभी चिरून बघा. जपून, ब्लेड सटकतं. आत राखाडी, अर्धपारदर्शक, कडक गर आणि त्यात पांढराशुभ्र गर्भ दिसतो. अमेरिकेत तिथल्या पर्सिमॉनच्या या गर्भाचा आकार चमचा, काटा की सुरीसारखा आहे, यावरून येता हिवाळा वर्तवतात. चमचा निघाला की बर्फ फार, म्हणे. मृगाचं वाहन म्हैस की बेडूक, हे पंचांगात बघून पेरणीचा अंदाज बांधणाऱ्यांनी मात्र त्यांना हसू नये.

तो कडक गर म्हणजे गर्भाची शिदोरी. जोंधळ्यात ती स्टार्चच्या रूपात असते, एरंडीत तेलाच्या. पर्सिमॉन ती पेशींच्या भिंतींतच साठवतं. मॅनन म्हणजे शर्करेच्या लांब साखळ्या; त्या थरावर थर बसत जातात आणि भिंती भलत्याच जाड होतात. कॉफीची बी आणि खजुराची बी टणक असते ती याच मॅननमुळे. मग एवढ्या भिंतीपलीकडच्या पेशीशी संबंध कसा राहतो? भिंतीतून आरपार गेलेल्या जीवद्रव्याच्या अतिसूक्ष्म धाग्यांनी. वनस्पतिशास्त्रज्ञ एडुआर्ड टांगल यांनी १८७९ मध्ये काजऱ्याच्या (कुचल्याच्या) बीत असे धागे दाखवले. पुढे १९०१ मध्ये श्ट्रासबुर्गर यांनी त्यांना प्लाझ्मोडेस्माटा हे नाव दिलं. पर्सिमॉनच्या बीत ते इतके स्पष्ट दिसतात, की विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायची ठरलेली स्लाइड हिचीच. बीएस्सीला वनस्पतिशास्त्र घेतलेल्या कुणालाही विचारा.

या भिंती विरघळवायला मॅननेज हे विकर लागतं. अशी विकरं बनवायला जिबरेलिन हे संप्रेरक चालना देतं आणि अ‍ॅब्सिसिक आम्ल ती दाबून धरतं. चीन-जपानात फळ शरदात पिकतं. बी तेव्हाच रुजली तर कोवळं रोप हिमात मरेल. म्हणून ओल आणि थंडी दोन्ही एकत्र, तीही कित्येक आठवडे मिळेपर्यंत बी निजून राहते. तेवढ्या काळात अ‍ॅब्सिसिक आम्लाचा जोर ओसरतो आणि जिबरेलिनचं पारडं जड होतं. कोरड्या बीला थंडी देऊन काही होत नाही, कारण या सगळ्या घडामोडींना पाणी लागतं.

बेळगावच्या थंडीचं आपल्याला कितीही कौतुक असलं तरी जानेवारीतली रात्र साधारण १४-१५ अंशांची. बीला हवेत १ ते ५ अंश, दोन-तीन महिने. म्हणून ओलसर वाळूत घालून डबा फ्रिजमध्ये ठेवायचा, फ्रीझरमध्ये नव्हे. नोव्हेंबरात ठेवलेली बी फेब्रुवारीत बाहेर काढली की आपलं ऊन तिला मानवतं. मूळ काळं दिसलं म्हणून कुजलं समजू नका, त्याचा रंगच तसा. सोटमूळ सरळ खाली धावतं, तेव्हा पिशवी खोल घ्या. कधी बीचं टरफल पानांवर टोपीसारखं अडकून बसतं. ते ओलं करून हळूच सोडवायचं.

झाड परकं असलं तरी कुळ ओळखीचं आहे. निपाणीचा तंबाखू ज्या पानात वळतात ती टेंभुर्णी याच डायोस्पायरस वंशातली.

आता ती 'दोन वर्षं'. बीपासून वाढवलेलं झाड फळाला यायला पाच-सात वर्षं सहज लागतात आणि ते नर निघालं तर फळ नाहीच. पर्सिमॉनमध्ये गुणसूत्रांचे सहा संच, एकूण ९०. फुयूसारख्या जपानी जातींचं फळ कडक असतानाही तुरट लागत नाही, पण हा गुण अप्रभावी आहे. सहाही संच जुळले तरच तो उतरतो. त्यामुळे रोपाचं फळ बहुधा तुरट, टॅनिनमुळे जीभ आखडवणारं, आणि पूर्ण लिबलिबीत पिकल्यावरच खाण्याजोगं. फळच हवं असेल तर रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्यावर कलम बांधा. कलमासाठी डोळकाडी, म्हणजे हव्या त्या जातीची डोळे असलेली काडी, निवडताना ती जात किती थंडी मागते, हे आधी विचारून घ्या. कळ्या नीट फुटायला झाडालाही थोडी थंडी लागतेच, आणि अख्खं झाड काही फ्रिजमध्ये मावत नाही.