रूप बदलणाऱ्याचे वय कोठे मोजावे?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून पात्रे वठवण्याच्या खेळातील एबेरॉन नावाच्या कल्पित जगात रूप पालटणाऱ्या दोन जमाती भेटतात. पाचव्या आवृत्तीच्या नियमांनुसार चेंजलिंग माणसापेक्षा किंचित लवकर वयात येतात आणि फार तर शंभरेक वर्षे जगतात. पशूचे गुण थोडा वेळ अंगी आणणारे शिफ्टर मात्र 10व्या वर्षीच तरुण होतात आणि क्वचितच सत्तरी ओलांडतात. शिफ्टरचे हे गणित जीवशास्त्राला पटण्याजोगे आहे, कारण लवकर वयात येणारे सस्तन प्राणी सहसा अल्पायुषी असतात.

चेंजलिंगचा प्रश्न अधिक अवघड आहे. जो हवा तो चेहरा धारण करू शकतो, त्याच्या सुरकुत्यांवरून किंवा पांढऱ्या केसांवरून वयाचा अंदाज कसा बांधणार? खरे वय पेशींत शोधावे लागेल. संशोधक स्टीव्ह हॉर्वाथ यांनी 2013 मध्ये दाखवून दिले की, डीएनएवरील 353 ठिकाणी मिथाइल गटांचे, म्हणजे डीएनएला चिकटणाऱ्या छोट्या रासायनिक खुणांचे, प्रमाण मोजले, तर रक्तापासून यकृतापर्यंत बहुतेक ऊतींवरून माणसाचे वय काही वर्षांच्या फरकाने सांगता येते. चेंजलिंगचा बदल त्वचेपुरता असेल, तर वय सांगणारे हे रासायनिक घड्याळ त्याचे सोंग उघडे पाडील. पण बदल पेशींच्या मुळापर्यंत पोहोचत असेल तर?

तशा बदलाचे उदाहरण प्रयोगशाळेत आहे. शिन्या यामानाका यांच्या गटाने 2006 मध्ये अवघी चार जनुके वापरून उंदराच्या त्वचेतील पेशींना मूलपेशींसारखे, म्हणजे कोणत्याही प्रकारची पेशी होऊ शकणारे, बनवले, आणि माणसाच्या पेशींवर हीच क्रिया केली असता हे घड्याळ जवळजवळ शून्यावर येते, असे पुढे आढळले. मात्र अशी पेशी आपण त्वचेची आहोत हेच विसरते. जिवंत उंदरांच्या शरीरात हीच क्रिया अनिर्बंध चालू ठेवली, तेव्हा त्यांना गाठी झाल्या. टुरिटॉप्सिस डोह्रनाय ही चिमुकली जेलीफिश इजा किंवा उपासमार झाली की प्रौढावस्था सोडून पुन्हा पॉलिप, म्हणजे तळाला चिकटून राहणारी बाल्यावस्था, बनते. तिला हे जमते, पण तिला मेंदू नाही, त्यामुळे गमावण्यासारखे फारसे काही नसते.

परिपक्वतेचा हिशेब त्यामुळे वेगळा ठेवावा लागतो, कारण तो स्मृतीवर उभा असतो. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तंबाखूवरील सुरवंटांना इथाइल ॲसिटेटचा, म्हणजे नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा, वास देऊन सोबत विजेचा सौम्य झटका दिला. कोशात जाण्यापूर्वीच्या शेवटच्या अवस्थेत शिकलेले सुरवंट पतंग झाल्यावरही तो वास टाळत होते. त्याहून लहान वयात शिकलेल्यांना ती आठवण राहिली नाही. मेंदूची मोठी फेरबांधणी होऊनही काही धडे टिकतात, पण केव्हा शिकलो यावर ते अवलंबून असते.

खेळाचे नियम या बाबतीत फारच उदार आहेत. 2014च्या नियमांत पशुरूप घेतलेल्या ड्रुइडची, म्हणजे निसर्गाची जादू जाणणाऱ्या पात्राची, बुद्धी, शहाणपण आणि स्वभाव जसेच्या तसे राहतात. पात्र अनुभवाच्या 18व्या पातळीवर पोहोचल्यापासून तर 10 वर्षांत त्याचे शरीर एकाच वर्षाने म्हातारे होते. 20व्या, म्हणजे सर्वोच्च पातळीचा ड्रुइड पुन्हा पुन्हा उंदीर होऊन दशकभर तसाच राहिला, तरी नियमाप्रमाणे तो वर्षभरानेच मोठा होईल, आणि खरा उंदीर तोवर दोन-तीन वर्षांतच मेलेला असेल. डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा व नियमांचा निवाडा करणारा, म्हणून मी हे शारीरिक वरदान राहू देईन. पण उंदराच्या मेंदूत माणसाच्या आठवणी दहा वर्षे जशाच्या तशा मावल्या, हे मान्य करण्यापूर्वी खेळाडूला फासे टाकायला लावीन.