कोको आणि कॅरोब: कुत्र्याच्या बिस्किटात कोणती तपकिरी पावडर चालते?

कुत्र्यासाठी घरी बिस्किटं भाजायला सुरुवात केली, की कधी ना कधी 'चॉकलेटी' बिस्किटांची पाककृती हाती लागते. साहित्यात कॅरोब पावडर लिहिलेली असते. घरात ती नसते, कोको पावडर मात्र असते. दोन्ही तपकिरी, दोन्ही पिठासारख्या बारीक आणि दोन्हींचा उल्लेख चॉकलेटच्याच संदर्भात होतो. मग 'दोन चमच्यांनी काय होतंय?' म्हणत कोकोचा डबा उघडला जातो. लहान कुत्रा असेल तर दोन चमच्यांनी बरंच काही होतं.

मुळात या दोन पावडरींचं एकमेकींशी काही नातं नाही. कोको येतो कोकोच्या झाडाच्या बियांपासून. बिया आंबवायच्या, वाळवायच्या, भाजायच्या, दळायच्या, त्यातली चरबी दाबून काढायची आणि उरलेल्या चोथ्याची पावडर करायची. कॅरोब हे भूमध्य समुद्राच्या परिसरातलं शेंगांचं झाड. त्याच्या शेंगा पिकून वाळल्या की बिया बाजूला काढतात आणि गोडसर टरफल-गर भाजून दळतात. म्हणजे कोकोत बी वापरायचं, कॅरोबमध्ये बी काढून टाकायचं. (त्या बियाही वाया जात नाहीत. त्यांच्यापासून आइस्क्रीम वगैरे घट्ट करण्याचा डिंक बनतो.) कॅरोबला 'चॉकलेटचा पर्याय' म्हणून विकायला लागल्यापासून दोघांची जोडी जमली आणि तिथूनच गोंधळ सुरू झाला.

कुत्र्याच्या दृष्टीने फरक एकाच गोष्टीत आहे. कोकोत थिओब्रोमीन नावाचं, कॅफीनसारखंच उत्तेजक द्रव्य असतं आणि त्याच्या जोडीला थोडं कॅफीन. कॅरोबमध्ये यातलं काही नसतं.

थिओब्रोमीन माणसालाही चढतं, पण आपलं शरीर काही तासांत त्याचा निकाल लावतं. कुत्र्याचं शरीर या कामात फार संथ. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण साडेसतरा तास लागतात. तोवर ते हृदयाला आणि मेंदूला चिथावत राहतं. आधी तहान, उलटी, जुलाब, सारखी लघवी, एका जागी न बसणं. मग धाप, वाढलेले ठोके, थरथर आणि प्रमाण जास्त असेल तर झटके. लक्षणं लगेच दिसतीलच असं नाही. बऱ्याचदा सहा ते बारा तासांनी दिसतात, म्हणून संध्याकाळी खाल्लेल्याचा त्रास मध्यरात्री सुरू होतो. कुत्रा तासाभरात ठीक दिसतोय म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

आता आकड्यांकडे येऊ, कारण 'थोडासा कोको' म्हणजे किती हे आकड्यांशिवाय कळत नाही. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅमच्या आसपास सौम्य लक्षणं सुरू होतात, ४० ते ५० ला हृदयावर परिणाम दिसतो आणि ६० ला झटके येऊ शकतात. साखर नसलेल्या एक ग्रॅम कोको पावडरमध्ये थिओब्रोमीन आणि कॅफीन मिळून साधारण २८ मिलिग्रॅमपर्यंत असतं. हिशेबाला सोपं पडावं म्हणून २५ धरू. पाच किलोच्या कुत्र्याला त्रास सुरू व्हायला १०० मिलिग्रॅम, म्हणजे चार ग्रॅम कोको पुरतो. चार ग्रॅम म्हणजे दीड-दोन सपाट छोटे चमचे! झटक्यांच्या पातळीला बारा ग्रॅम.

माणसांसाठी केलेल्या चॉकलेट केकमध्ये ५० ग्रॅम कोको सहज पडतो. दहा किलोच्या कुत्र्याने ओट्यावरचा अर्धा केक फस्त केला, तर त्याच्या पोटात सव्वासहाशे मिलिग्रॅम गेलं. किलोमागे बासष्ट.

'आमच्याने मागे चॉकलेट खाल्लं होतं, काही झालं नाही' हे वाक्य इथे हमखास येतं. ते खरंही असेल. मिल्क चॉकलेटमध्ये ग्रॅममागे जेमतेम सव्वादोन-अडीच मिलिग्रॅम असतं. त्या पाच किलोच्या कुत्र्याला तेवढाच त्रास व्हायला मिल्क चॉकलेट चाळीस ग्रॅमच्या वर लागेल, कोको पावडर मात्र चारच ग्रॅम. बेकिंगसाठी वापरतो ती पावडर या सगळ्या कुटुंबातली सर्वांत जहाल. त्यामुळे चॉकलेटच्या तुकड्याचा अनुभव कोकोच्या चमच्याला लावू नये. 'रॉ ककाओ' म्हणून आरोग्याच्या नावाखाली विकली जाणारी पावडर आणि ककाओ निब्स, म्हणजे कोकोच्या बियांचे तुकडेही, त्याच पंक्तीत बसतात. नैसर्गिक आहे म्हणून कुत्र्याला सोसतं, असं काही नसतं.

भाजल्यावर विष उडून जातं, हीसुद्धा एक समजूत ऐकू येते. थिओब्रोमीन १८० अंशांच्या ओव्हनला दाद देत नाही. कच्च्या पिठात जेवढं, भाजलेल्या बिस्किटातही तेवढंच.

मग कॅरोब बिनधास्त घालावं का? बिनधास्त नाही, पण बेतात घालायला हरकत नाही. त्याच्या पावडरीत जवळजवळ निम्मी नैसर्गिक साखर असते, तंतुमय पदार्थ भरपूर आणि चरबी नावापुरती. कोकोत हे उलट: साखर नगण्य, चरबी दहा टक्क्यांच्या पुढे. म्हणून कॅरोबच्या पिठात मध, गूळ, साखर काही घालायची गरज नाही. मधुमेह असलेल्या किंवा वजन वाढलेल्या कुत्र्याला ही बिस्किटं डॉक्टरांना विचारूनच द्यावीत. आणि कुठलाही खाऊ दिवसभराच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांत बसायला हवा, कॅरोबचाही.

माझं मत विचाराल तर कॅरोब कुत्र्यासाठी नसतंच, ते आपल्या डोळ्यांसाठी असतं. बिस्किट चॉकलेटी दिसतंय की भुरकट, याचं कुत्र्याला सोयरसुतक नाही. त्याला भोपळा किंवा अंड्याचा वास जास्त प्रिय. पण वाढदिवसाला तपकिरी केक हवा, फोटो छान यावा, ही हौस आपली असते. हौसेत गैर काही नाही, पावडर बरोबर असली की झालं.

डब्यातली पावडर ओळखायची कशी

रंगावर जाऊ नका. कॅरोब सहसा जरा लालसर आणि कोको गडद, असं सांगितलं जातं, पण कमी-जास्त भाजलेलं कॅरोब फिकट किंवा काळपट कसंही असतं आणि प्रक्रियेनुसार कोकोही फिका-गडद होतो. वासात फरक आहे. कॅरोबला खजुरासारखा गोडसर, भाजका वास येतो, कोकोला आपला ओळखीचा कडवट. चिमूटभर जिभेवर ठेवली तर फरक आणखी स्पष्ट: कॅरोब गोड लागतं, कोको कडू.

ही चव-परीक्षा ऐकायला पक्की वाटते. तिच्यात भोक आहे ते ड्रिंकिंग चॉकलेटचं. दुधात घालायची ती पावडर साखर मिसळलेली असते, म्हणून तीही जिभेवर गोडच लागते आणि तिच्यात कोको असतोच. काचेच्या बरणीत ओतून ठेवलेली, चिठ्ठी गळून पडलेली तपकिरी गोड पावडर कॅरोब आहे असं जिभेवरून ठरवता येत नाही. मूळ पाकीट असेल आणि साहित्याच्या यादीत फक्त 'कॅरोब' लिहिलेलं असेल, तरच ती कुत्र्याच्या पिठात जाते. नाहीतर ती माणसांनी संपवावी.

कॅरोब चिप्स आणि कॅरोबचं आवरण दिलेले पदार्थ यांची यादी तर दोनदा वाचावी. त्यांत साखर, वनस्पती तेल, दुधाची पावडर येते. 'शुगर फ्री' लिहिलं असेल तर झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ शोधायचा; काही ठिकाणी तो 'बर्च शुगर' या नावानं लिहितात. हे कोकोपेक्षाही झटपट काम करतं. किलोमागे ०.१ ग्रॅमलाच कुत्र्याची रक्तातली साखर धोकादायक खाली येऊ शकते, तेही कधीकधी अर्ध्या तासात, आणि ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृताला इजा होण्याची भीती असते. पीनट बटर वापरणाऱ्यांनी तेही पाकीट उलटून बघावं, काही प्रकारांत झायलिटॉल असतं.

पिठात दोन्ही वेगळी कशी वागतात

कोकोच्या पाककृतीत नुसतं नाव बदलून कॅरोब घातलं, तर बिस्किटं करपतात. कारण तीच साखर. कोकोला चालणारं १८० अंश तापमान कॅरोबला जास्त होतं. १६० वर थोडा जास्त वेळ ठेवणं बरं.

दोन वाट्या कणीक किंवा दळलेले ओट्स घ्या, त्यात कॅरोबचे दोन मोठे चमचे चाळून घाला. चाळायचा कंटाळा करू नका. ही पावडर डब्यातच गुठळ्या धरते आणि पाण्यात पडली की त्या फुटत नाहीत, बिस्किटात काळे ठिपके राहतात. एक अंडं, अर्धी वाटी उकडून कुस्करलेला भोपळा, मग लागेल तसं पाणी. पीठ घट्ट हवं. सुरुवातीला ते हाताला चिकटतं. पाच-दहा मिनिटं झाकून ठेवलं की कणीक पाणी ओढून घेते आणि लाटता येतं. अर्धा सेंटिमीटर जाड लाटून कापा आणि २५ ते ३० मिनिटं भाजा. तपकिरी पीठ आधीच तपकिरी असल्यामुळे रंगावरून अंदाज येत नाही, म्हणून एक बिस्किट उलटून दाबून बघा. मध्ये मऊ लागलं तर ओव्हन बंद करून आतच वाळू द्या. बेकिंग सोडा, बेकिंग पावडर, मीठ, मनुके यातलं काहीही नको. मनुके तर कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक.

तयार बिस्किटं माणसांच्या चॉकलेट बिस्किटांशेजारी ठेवू नका. एकदा भाजून झाल्यावर दोन्ही इतकी सारखी दिसतात की पाहुणा किंवा लहान मूल चुकीच्या डब्यातलं उचलून प्रेमानं भरवतं. डबा वेगळा, त्यावर नाव मोठं, आणि ठेवायची जागाही वेगळी.

आणि कोको पोटात गेलाच, तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. ते कुत्र्याचं वजन, काय खाल्लं, अंदाजे किती आणि कधी हे विचारतील. पाकीट हाताशी ठेवा, किंवा केक घरी केला असेल तर त्यात कोको किती घातला होता ते आठवून सांगा. थिओब्रोमीनवर उतारा असं औषध नाही. उलटी करवणं, विष शोषून घेणारा कोळसा देणं आणि ठोके-झटके आटोक्यात ठेवणं, एवढंच करता येतं आणि ते जितकं लवकर तितकं उपयोगी पडतं. मिठाचं पाणी पाजून घरीच उलटी करवू नका, त्या मिठाचीच विषबाधा होऊ शकते.